ल्युकेमियाचं कार्ड

११ मार्च, सकाळी

ती. ताईस,
नमस्कार. इकडे आम्ही मजेत आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. भावोजींचा गुडघा कसा आहे?

अडीच वर्षांनी माझं अक्षर पाहून तू पाकीट भावोजींच्या अंगावर फेकलं असशील आणि आता तेच हे मोठ्यानं वाचत असतील. भावोजी, जरा सावकाश वाचा. ताई, शाळेच्या निरोप समारंभात तू 'बत्तीस वर्षं शिकवलं' म्हणालीस आणि मी तिसऱ्या रांगेतून उठून 'साडेएकतीस' म्हणालो. आकडा बरोबर होता. पण माझं चुकलं.

आमचा कोश आता 'ल'पर्यंत आलाय. सामान्य माणसांसाठी वैद्यकीय शब्दांचा कोश. एका शब्दाला एक कार्ड: वर अर्थ, मग वापर, खाली तीन वाक्यं. वाक्यं मनानं रचायची नाहीत, अशी संपादकबाईंची सक्त ताकीद आहे. कुणीतरी खरंच बोललेली हवीत आणि कोण, कुणाला, कुठे म्हणालं ते पुढे लिहायचं. मागे एकानं 'मूळव्याधी'ला आपल्या सासऱ्यांचं वाक्य दिलं, नावानिशी. सासरे अजून त्याच्याशी बोलत नाहीत.

गेल्या आठवड्यात 'ल्युकेमिया'चं कार्ड माझ्याकडे होतं. शब्द मूळचा ग्रीक, अर्थ 'पांढरं रक्त'. हाडांमधल्या मगजात पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात आणि एकही धड कामाची नसते. लोक सरसकट 'ब्लड कॅन्सर' म्हणतात, पण प्रत्येक रक्ताचा कर्करोग म्हणजे ल्युकेमिया नव्हे. काही प्रकार झपाट्यानं वाढतात, काही वर्षानुवर्षं गुपचूप बसून असतात. इथपर्यंत वाचून बाईंनी 'सुरेख' असा शेरा मारला. मग त्यांची नजर वाक्यांवर गेली.

१. "हा ल्युकेमिया आहे, पण घाबरून जाऊ नका." (डॉक्टर, मला, तपासणीच्या खोलीत.)
२. "ल्युकेमिया कसा होईल? हे तर रोज चालायला जातात!" (माझी बायको, डॉक्टरांना, तिथेच.)
३. "या प्रकारच्या ल्युकेमियात सख्ख्या भावंडाचा मगज जुळतो का, ते आधी पाहतो." (डॉक्टर, पुन्हा मला.)

सवय, ताई. नियम म्हटला की हात आपोआप लिहून जातो.

बाईंनी चष्मा काढला. "अहो, हे 'मला' म्हणजे कोण?"

"मी."

"मनानं नाही ना रचलंत?"

"नाही हो."

एका स्वल्पविरामावरून माणसाला तासभर उभं करणाऱ्या बाई खुर्चीत बसून रडायला लागल्या. मीच त्यांना चहा आणून दिला. आता ऑफिसात मला कुणी जिना चढू देत नाही आणि पेन्सिल पडली तर तिघं वाकतात. कार्ड मात्र मंजूर झालं.

तर असं ऑफिसला कळलं आणि सख्ख्या बहिणीला नाही. ही रोज म्हणते, फोन करा. मी फोन उचलतो आणि ठेवतो. माफी आणि मागणी एका दमात करायची म्हणजे निव्वळ निर्लज्जपणा. काम पडलं तेव्हा बहीण आठवली, असं तू म्हणशील. आठवायचीस रोज. पण काम पडलं नसतं तर लिहिलं नसतं, इतका मी हटवादी आहे हे तुला माहीत आहे.

आधी फक्त तुझं रक्त तपासतील. जुळण्याची शक्यता चारात एक. तुझ्या वयाला चालेल का, तेही डॉक्टरच बघतील. जुळलं आणि तरी तू नाही म्हणालीस, तर मला मुळीच राग येणार नाही. हे वाक्य मनानं रचलेलं आहे. येईल राग.

सोमवारी मला दाखल करून घेणार आहेत. हिच्यासमोर मी विनोद करतो आणि तीही हसते, मग स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ नळ सोडून ठेवते. म्हणून तुला सांगतो, ताई, मला फार भीती वाटते. रक्त जुळो न जुळो, तू ये. नुसतं बोल लावायचे असतील तरी ये. मी मध्ये एक शब्द बोलणार नाही.

अजून पुष्कळ वर्षं तुझ्याशी भांडायची इच्छा असलेला,
तुझा धाकटा