उद्या या, उद्या स्वस्त

लोणावळा,
२७ सप्टेंबर २०२५

चि. भिमाजी यास,
यशोधराअक्काचा जयभीम आणि आशीर्वाद.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र लिहिणं भाग पडलं. रतनला विचारावं तर ती म्हणते, "त्ये अंघोळीला गेल्यात." सकाळी अंघोळ, दुपारी अंघोळ, काल दिवेलागणीलाही अंघोळच. साठी ओलांडलेल्या माणसाने एवढं पाण्यात राहू नये. बाकी तुझी तब्येत बरी असेल असं धरून चालते. गुडघ्याला तेल लावतोस ना? रतनचा रक्तदाब कसा आहे? मी उत्तम आहे. माझा आवाजही शाबूत आहे, ते तुला सांगायला नको.

गेल्या रविवारी माझ्या चिक्की-फजच्या भरल्या दुकानातून तू चहा अर्धा टाकून, पिशवी उचलून निघून गेलास, आणि आता म्हणे पुन्हा माझी पायरी चढणार नाहीस. (हेही रतननेच सांगितलं. तू अंघोळीत होतास.) माझा एकुलता एक भाऊ जीएसटीपायी तुटावा हे मला मान्य नाही, म्हणून झालं ते क्रमाने मांडते.

घटस्थापनेपासून कराचे दर बदलणार हे कळल्यावर मीच तुला सुदुंबऱ्याहून बोलावून घेतलं. मी बी.कॉम. आहे खरी, पण आमच्या वेळी विक्रीकर होता आणि तो शिकवणाऱ्या सरांनाच वर्गात झोप येई. तू कारखान्याच्या स्टोअरमध्ये जन्म काढलेला. आल्या आल्या तू म्हणालास, "आक्का, करबदल म्हंजे पावसाळा. छप्पर आदी शाकारायचं, मग ढगाकडं बघायचं." हे मला पटलं. फजचा माल कमी मागवायला लावलास, म्हणजे जुन्या किमतीचे खोके अंगावर पडू नयेत. पुरवठादारांची राहिलेली बिलं माझ्याकडून मागवून घेतलीस, म्हणजे आधी भरलेला कर पुढे वळता होईल. बिलाच्या मशीनवाल्याला, सगळं गाव त्याच्या मागे लागायच्या आत बोलावलंस. इथवर तुझ्याबद्दल माझी तक्रार नाही. (इथवर म्हणजे इथवरच.)

मग तू नव्या किमतींच्या चिठ्ठ्या आणल्यास. जुनी किंमत झाकायची नाही, नवी शेजारी लावायची, हा तुझा आग्रह रास्त होता. पण सुदुंबऱ्यात चिकटणारा डिंक लोणावळ्याच्या धुक्यात चिकटत नाही, हे कुणीही सांगितलं असतं, मला विचारायचं होतंस. रात्रीत निम्म्या चिठ्ठ्या घसरल्या. भट्टी सांभाळणाऱ्या नंदाबाईंच्या कोपरावर पाव किलो फजची किंमत चिकटली, आणि शेजारच्या दुकानातला जानू "मावशी, काय कमी-जास्त?" असं विचारायला गेला तेव्हा नंदाबाईंनी त्याला उलथनं दाखवलं. तू चिठ्ठ्या चिक्कीच्या भट्टीपाशी वाळत घातल्यास. त्यातली एक पाकात गेली. मी तेव्हाही काही बोलले नव्हते. (फारसं.)

मग उजाडला रविवार. कराचे दर बदलायचे दुसऱ्या दिवशी, सोमवारी, आणि आपला धंदा रविवारचा. भुशी धरणावरून भिजून आलेली माणसं दाराशी ओळीने उभी. तू त्यांना रीतीप्रमाणे फजचा तुकडा चवीला दिलास, ते ठीक. पण तुकडा तोंडात असतानाच सांगत सुटलास, "आज घिऊ नका. उद्या या, उद्या स्वस्त." एकाला नाही, अख्ख्या नाशिकच्या बसला! ती माणसं चव घेत होती, मान डोलवत होती आणि रिकाम्या हाताने बसमध्ये चढत होती. तुमच्या गावात आजचं गिऱ्हाईक उद्या त्याच रस्त्याने शेतावर जातं. इथे रविवारचा माणूस सोमवारी आपल्या कचेरीत असतो. मी ओरडले, "इथं उद्या नसतो, भिमाजी! इथं फक्त रविवार असतो!" आणि जोडीला, कारखान्याने तुला इतकी वर्षं नेमकं कशाला ठेवून घेतलं होतं, असंही विचारलं. प्रश्न माहितीसाठी होता. तू तो मनाला लावून घेतलास.

सोमवारी काय झालं ते तुला कळायला हवं. मशीन पहिल्या बिलापासून नव्या दराने चाललं. जानूचं जुन्यालाच अडून बसलं आणि तो दुपारपर्यंत गिऱ्हाइकांना थंड पाणी पाजत होता. दहाच्या सुमाराला दारात टॅक्सी थांबली, मग दुसरी, मग तिसरी. तुला माहीत आहे, मी गाडीवाल्यांना गिऱ्हाईक आणल्याचं पाकीट देत नाही, त्यामुळे माझ्या दारात फक्त गाडी बंद पडलेलेच उतरतात. पण रविवारी समोर उभ्या असलेल्या ड्रायव्हरांनी तुझं प्रवचन ऐकलं होतं. त्यांतला एक मला म्हणाला, "मावशी, स्वतःचा गल्ला सोडून खरं सांगणारा मानूस लोणावळ्यात पयल्यांदाच बघितला. कुटं हायती भाऊ?"

मी म्हटलं, गावाला गेलेत. अंघोळीला.

मग गिऱ्हाइकांचा प्रश्न आला, फज उतरलं, चिवडा उतरला, मग चिक्की का नाही? मी सांगितलं, "चिक्कीवर आधीही पाच टक्के होता, आताही पाचच. घ्यायची तर घ्या." दोघी बायका पिशव्या ठेवून गेल्या. नंदाबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बाई, त्येच भाऊ सांगायचं तर लोकं हसत हुती. तुमी सांगितलं की लोकं घाबरत्यात. आन् भाऊला चारचौघांत असं बोलायचं व्हय?" कुरवंड्याची बाई, तोंडाला लगाम नाही. मी तिला कढई घासायला लावली. तिने ती आधीच घासलेली होती.

एकंदरीत आठवडा समाधानाचा गेला. रतनला जयभीम सांग. राग पोटभर झाला असेल तर पुरे.

तुझी,
यशोधराअक्का

ता.क. दिवाळीच्या भेटपेट्यांची मागणी आली आहे. एकाच पेटीत फज, चिवडा आणि चिक्की. गिऱ्हाइकांना समजावायला कुणीतरी हसतमुख लागेल. ओळखीत कुणी असल्यास कळव.

ता.क. दुसरा. ओळखीत कुणी शोधत बसू नकोस.

ता.क. तिसरा. तो कारखान्याचा प्रश्न मी विचारायला नको होता. हे नंदाबाईंना कळू देऊ नये.

जानूच्या हाती सुपूर्द (तो सासुरवाडीला तिकडेच निघाला आहे): रतनसाठी बिनसाखरेची तिळाची चिक्की, एक डबा. तुझ्यासाठी लोकरी बंडी, एक. दुकानाच्या शटरची दुसरी किल्ली, एक. ती कालच करून घेतली, आजवर माझ्याखेरीज कुणाकडे नव्हती. पोच लिहून पाठवू नये. सोमवारी शटर तू उघडावंस.