चढावरचा दम

आबा,

तळेघरला एसटीतून उतरून घराकडं चढताना तुम्ही अर्ध्या वाटेवरच्या खडकाला टेकायचात. मूठ छातीवर, नजर खाली भातखाचरांकडं. काय होतंय विचारलं, की म्हणायचात, "काय न्हाई. पित्त हाय." मग तंबाखूचा बार भरून पुन्हा चालू लागायचात. एकदा मी डॉक्टरचं नाव काढलं, तर खेकसलात, "चढावर बैलालाबी धाप लागती. त्याला नेतोस का डॉक्टरकडं?" त्याच खडकाला टेकून भर दुपारी तुम्ही गेलात. येणाऱ्याजाणाऱ्यांनी राम राम घातला. शेवटी एकानं खांद्याला हात लावला, तर अंग थंडगार. त्याच्या जरा आधी त्या वाटेनं गेलेले दोघं मात्र अजून शपथेवर सांगतात, तुम्ही मान हलवली होती.

आता मी तुमच्या वयाचा झालोय. नोकरीला मंचरला, रविवारी आईकडं येतो. तिची नजर पार गेलीय. गेल्या दिवाळीनंतर असाच चढत होतो, तर छातीवर कुणी गुडघा रोवल्यासारखं झालं. थांबलो, तसं ओसरलं. दारात पोचलो तेव्हा आई नाचणी पाखडत बसलेली. मान न उचलता म्हणाली, "आवं, बसा वाईच. पाणी देते."

मी उंबऱ्यातच थबकलो. "आई, मी हाय."

सूप थांबलं. "मंग त्येंचा दम तुझ्या छातीत कसा आला?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच घोडेगावला गेलो. डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला, वडिलांचं विचारलं. पित्त होतं म्हणालो, चढावर खडकाला टेकून गेलात तेही सांगितलं. ते म्हणाले, "चढलं की दुखतं आणि बसलं की थांबतं, ते बहुतेक हृदयाचं असतं. बीपी वाढलंय, त्यात तंबाखू, वर घरातला वारसा. वारसा बदलत नाही, बाकीचं तुमच्या हातात आहे. बरं झालं आलात." पुण्याला जाऊन स्टेंट बसवला. तंबाखू सुटली, सुटताना लई छळलं तिनं. ताटातलं मीठ, पापड गेले. गोळ्या चुकवत नाही, रोज चालतो. हल्ली तो चढ न थांबता चढतो, खडकाकडं न बघता.

आता आईला दारात माझा दम ऐकू येत नाही. ती तुमच्याशी बोलायचीच थांबली.

हे पत्र कुठं टाकणार? आईलाही वाचून दाखवणार नाही. कारण उंबऱ्यापाशी आलो की कधीकधी मी मुद्दाम धापा टाकतो. ती "आवं" म्हणते. मी गप्प उभा राहतो.