उन्हाळ्याचं लाकूड

हर्षला,

तू झोपली होतीस, म्हणून उठवलं नाही. चिरनेरकडून लाकडाचा टेम्पो सकाळीच स्मशानभूमीत येतोय, उतरवून घ्यायला मला जायला हवं. एप्रिल-मेमध्ये माणसं जास्त जातात, म्हणून यंदा मार्चमध्येच दुप्पट लाकूड भरून ठेवायचं ठरलंय.

आईला दुपारी माळ्यावर झोपू देऊ नकोस. पत्रा अकरापासूनच तापतो. ती म्हणेल, "मना काय नाय व्हत." बाबाही गेल्या मेमध्ये हेच म्हणाले होते. तिची खाट मी खाली पंख्याजवळ आणलीय. तिला तहान कळत नाही, तेव्हा तासातासाने पेलाभर पाणी दे आणि संपवेपर्यंत समोर उभी राहा.

बाबा गेले त्या दुपारी तू चार वेळा फोन केलास. रेंज नव्हती असं मी सांगितलं, ते खोटं होतं. फोन वाजताना मी बघितला होता. तीन चिता पेटलेल्या होत्या, तू जेवायचं विचारत असशील असं वाटलं, म्हणून उचलला नाही. इतके महिने तोंडाने सांगता आलं नाही.

आईला तू काही बोलू नकोस. संध्याकाळी आल्यावर मीच सांगेन.

हरेश