अंजनाचे घर आणि चित्रांची पुस्तके

मी, झुंबरबाई सावळेराम औटी, वय ६६, पूर्वी गावच्या बालवाडीची बाई, राहणार राजुरी, तालुका जुन्नर, जिल्हा पुणे. गुडघे गेले असले तरी डोके ठिकाणावर आहे, अशी डॉक्टरांची खात्री आहे आणि माझीही. कुणाच्या दडपणाविना हे मृत्युपत्र लिहून ठेवते.

१. यजमान वारले. मला एकच मूल, मुलगी अंजना, वय ३२. तिला गलका सोसत नाही, अचानक कुणी हात लावलेला सोसत नाही. मग ती कान झाकून डुलते. माझ्यामागे हिचे कसे होणार, या घोराने मी कित्येक वर्षे धड झोपले नाही.

२. दीर रखमाजी यांना पितळी समई. अंजना चौदा वर्षांची असताना, ती डुलते म्हणजे अंगात देवी येते असे ठरवून भावजींनी तिला ओट्यावर बसवले, पायांवर कुंकू वाहिले, आणि लोक तिला कांद्याचा भाव विचारू लागले. पोर आणखीच डुलायची. मी तिला उठवून घरात आणले, तर देवीला आडवी आले म्हणून भावजींनी माझ्याशी बोलणे टाकले. यापुढे भाव समईपुढे बसून विचारावा. अंजनाला पुन्हा ओट्यावर बसवण्याचा अधिकार कुणालाही नाही.

३. त्याच वर्षी मी लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंवर चित्रे काढून, मशीनवर शिवून बालवाडीसाठी पुस्तके केली. एकात कान झाकणारी मुलगी, एकात अक्षरे उलटी दिसणारा मुलगा, एकात सारखे चवड्यांवर चालणारे पोर. कुठल्याच गोष्टीत ते मूल शेवटी बरे होत नाही, कारण ते आजारी नसतेच. बाकीची पोरे त्याला खेळात घ्यायला शिकतात. ही पुस्तके बालवाडीला. कुलपात ठेवू नयेत. फाटली तर खळ लावून चिकटवावीत.

४. शिलाई मशीन उज्ज्वलाला. ही रखमाजींच्या ज्ञानेश्वरची बायको, गावातलीच. लहानपणी हीच पुस्तके मांडीवर घेऊन बसायची. गेल्या महिन्यात तिच्या मुलीचे बारसे झाले. अंजना बाळाची चुलत आत्या, पण नेहमीप्रमाणे परसात बसलेली. कानात नाव सांगायला दुसरीच कुणी पुढे झाली, तशी उज्ज्वला म्हणाली, "आत्या घरात असताना दुसरं कोण कशाला? अंजनाताईच नाव ठेवतील." नाव सांगताना आत्याच्या पाठीत बुक्के घालायची आमच्याकडे रीत. उज्ज्वलाने आधीच सगळ्या बायकांना हात आवरायला आणि हळू बोलायला सांगितले. अंजना आली, वाकली, बाळाच्या कानात "समृद्धी" म्हणाली. मी सगळ्यांदेखत रडले.

पाहुणे गेल्यावर उज्ज्वला माझ्याजवळ बसली. "बाई, तुमच्यामागं ताईंचं मी बघते. त्यांना काय चालतं, काय न्हाई, ते लहानपणापासून ठावं हाय मला." ज्ञानेश्वरचाही होकार आहे.

५. म्हणून राहते घर व पोस्टातली शिल्लक अंजनाच्या नावे. उज्ज्वला व ज्ञानेश्वर यांनी तिच्यासोबत राहून सांभाळ करावा. तिच्या हयातीत घर विकू नये. तिच्यानंतर ते समृद्धीचे.

६. अशा मुलाची आई देवापाशी काय मागते, ते बाहेर सांगत नाही. मीही तेच मागत होते, की हिला माझ्याआधी ने. बारशापासून ते मागणे बंद केले. आता माझी पाळी आधी आली तरी चालेल.

वरील मजकूर स्वतः वाचून, पटला म्हणून सही करते.

सही: झुंबरबाई सावळेराम औटी

साक्षीदार:
संपत बाबुराव डुंबरे (सही)
कोंडाबाई विठोबा हाडवळे (डाव्या हाताचा आंगठा)

स्थळ: राजुरी
दिनांक: ११ डिसेंबर २००८