फंडाचे डॉक्टर आणि ह्यांची पाठ

देवास, गुरुवार, ४ फेब्रुवारी १९५४

अर्ज नामंजूर! ह्यांच्या गिरणीच्या आजारी फंडाचे सेक्रेटरी गोपाळराव स्वतः सांगायला आले. "वहिनी, डॉक्टरांनी लिहिलंय, रुग्ण चालता-फिरता. मग मणक्याच्या ऑपरेशनला फंड हो कसा म्हणणार?"

चालता-फिरता! परवा फंडाचे डॉक्टर शालिग्राम तपासायला आले, तर हे पलंगावरून उठले, टोपी घातली, दारापर्यंत सामोरे गेले. वर अत्तर-पान! धारच्या दरबारी घराचे वळण. "प्रकृती?" "आपल्या कृपेने उत्तम!" डॉक्टरांचा टांगा वळला आणि हे दारातच खाली बसले. उचलायला तिघे लागले.

डाव्या पायाची बोटे बधिर झाली आहेत. मुंबईचे सर्जन लिहितात — महिन्याभरात ऑपरेशन नाही झाले तर पाय कायमचा लुळा.

शनिवार, ६ फेब्रुवारी

मॅनेजरसाहेबांना इंग्रजीत पत्र लिहिले. कॉन्व्हेंटातल्या मदर म्हणत, अर्जात रडू नये, आधी आभार मानावेत. चारदा मानले! मग लिहिले — माझ्या यजमानांचे शिष्टाचार तपासून झाले, आता कृपया पाठ तपासावी. लिहिताना पुन्हा चौदा वर्षांची झाले. बोटांना शाईसुद्धा तश्शीच लागली.

मंगळवार, ९ फेब्रुवारी

डॉक्टर गुरुवारी पुन्हा येणार! ह्यांना बजावले, उठायचे नाही.

"घरी आलेल्या माणसासमोर लोळत पडू?"

वादात ह्यांना कोण जिंकणार!

बुधवार, १० फेब्रुवारी

सगळ्या टोप्या रघुजी धोब्याकडे दिल्या. पगडी शेजारी दुर्गाबाईंच्या पेटीत.

गुरुवार, ११ फेब्रुवारी

डॉक्टर दारात. "माझी टोपी!" "धोब्याकडे." "सगळ्या?" "सगळ्या."

बोडक्या डोक्याने सामोरे जाणार कसे? चादर डोक्यावरून ओढून पडून राहिले! आतून आवाज — "यावे, बसावे. क्षमा असावी."

"लेटे रहो, भिया," डॉक्टर हसत माळवी थाटात म्हणाले. डावा पाय वीतभरच उचलला, तर चादरीतून "आई गं!" मग बोटांना टाचणी टोचली. एकदा, दोनदा, तीनदा. हे आतून विचारतात, "सुरू केलंत का?"

मी पदरात तोंड लपवून हसले. डॉक्टर मात्र हसायचे थांबले होते.

मंगळवार, १६ फेब्रुवारी

मंजूर! मुंबईच्या प्रवासासकट! गोपाळरावांनी पेढे आणले. हे म्हणाले, "कपटी बाई!" आणि माझ्या वाटणीचाही पेढा खाल्ला.

बुधवार, १७ फेब्रुवारी

सकाळी मी ह्यांची पाठ शेकत होते. भिंतीकडे तोंड करून हे म्हणाले, "मला भीती वाटते." छत्तीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा. शेकाची पिशवी माझ्या हातातच निवली.