कढीपत्त्याची वर्गणी

आर. के. पुरम

प्रिय बाबा,

तुमच्या मनाविरुद्ध अनुरागशी लग्न केल्यापासून तुम्ही माझ्याशी बोलत नाही, म्हणून आज मीच लिहितेय.

आमच्या बाल्कनीत कढीपत्ता आहे. दर थंडीत त्याचा खराटा होतो, आणि दर थंडीत मी इंटरनेटवरच्या बागकामाच्या ग्रुपवर रडगाणं गाते. तिथले कुणी 'गमलेवाले अंकल' लगेच लिहितात, "बेटा, मरा नहीं है, सो रहा है। पानी कम दो।" होळीनंतर खरंच पालवी फुटते.

गेल्या महिन्यात या फुकट ग्रुपला वर्गणी लागली. मी चिडून लिहिलं, "चलो, इथवर पुष्कळ शिकले. सगळ्यांचे आभार, अंकलचे जास्त." दुसऱ्या दिवशी ईमेल आला. अंकलच्या खात्यावरून माझी वर्षाची वर्गणी भेट म्हणून भरली गेली होती.

भेट देणाऱ्याचं नाव नाही लिहिलं तरी चालतं, बाबा. पण मिनिस्ट्रीत उभा जन्म फॉर्म भरण्यात गेलेला माणूस! तुमच्या हातून रकाना रिकामा कसा सुटणार? 'दिनकर सूर्यकांत टिपणीस, सेवानिवृत्त.' ते 'सेवानिवृत्त' वाचून मी इतकी हसले की अनुराग धावत आला.

हे पत्र मी पाठवणार नाही. मला कळलंय हे समजलं, तर अंकल गप्प होतील.

यंदा झाड बिल्कुल छान आहे, एक पान पिवळं नाही. तरी आत्ताच ग्रुपवर लिहून आलेय, "अंकल, पत्ते झड़ रहे हैं। क्या करूँ?"

तुमची, निदान हिंदीत तरी, बेटा
तनया