अर्धा इंच अधिक अर्धा इंच

गोखिवरे, वसई (पूर्व)
रविवार

तीर्थरूप हरिश्चंद्रभाऊ,

सदानंदचा वाकून नमस्कार (कमरेला पट्टा आहे, तेव्हा जेवढं वाकता येतं तेवढंच). शांतावहिनींचे गुडघे आणि तुमच्या वाडीतल्या केळी, दोन्ही ठीक असतील अशी आशा आहे. सौ. लतिका तुमच्याकडे येऊन महिना होत आला. तिची चौकशी करत नाही, कारण माहेरी किती बरं वाटतंय हे ती माझ्याखेरीज सगळ्यांना फोनवर सांगते.

इमारतीत पाणी नाही म्हणून आले, असं तिने तुम्हाला सांगितलं असेल. पाणी का गेलं, ते मात्र माझ्याकडून ऐका. आमच्या गच्चीवरच्या टाकीतून उतरणारी एक इंची जुनी लाइन गंजून सडली. ती दोन्ही विंगना सामाईक, त्यामुळे ए विंग आणि बी विंगचं इतकं वाकडं की गणपतीची आरतीसुद्धा दोनदा होते. आमचे चेअरमन परेश (वय लहान, आवाज मोठा) यांनी सभेत तोडगा मांडला, की एक इंचीऐवजी अर्ध्या इंचाच्या दोन लाइनी टाकायच्या, ज्याची त्याला. "सिम्पल आहे काका, हाफ प्लस हाफ वन. कोणावर अन्याय नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

भाऊ, मी उभा जन्म वालीवच्या व्हॉल्व्हच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून गोल काढण्यात घालवला. मला गप्प बसवेना. (तुमच्या पंपाच्या पाइपला तीन एल्बो फुकट बसवलेत आणि प्रत्येक वळणावर पाण्याचा जोर मरतो, हेही मी दर भेटीत सांगतो आणि तुम्ही दर भेटीत चहा मागवता.) मी उठून सांगितलं, की रुंदी निम्मी झाली की तोंड निम्मं होत नाही, पाव होतं. शिवाय पाणी पाइपाच्या भिंतीला घासत जातं, बारीक पाइपात ते घासणं जास्त, म्हणजे पावसुद्धा पदरात पडत नाही. कोणाला पटेना, म्हणून कागदाचा एक मोठा गोल आणि निम्म्या रुंदीचे छोटे गोल कापले. समोरच्या उन्नतीताईंनी दोन छोटे गोल मोठ्यावर शेजारी शेजारी ठेवले. काठाला काठ बरोबर लागला. "दोनच तर बसतात!" म्हणाल्या. मी वरखालची मोकळी जागा दाखवली. "तिथे तर काहीच नाही," म्हणाल्या. अहो, तिथेच तर पाणी होतं!

मतदान झालं. माझा एकट्याचा हात विरोधात. ठरावाच्या बाजूने पहिला हात कोणाचा वर गेला असेल? तुमच्या बहिणीचा. माझ्याच शेजारच्या खुर्चीवरून. घरी येऊन म्हणते, पाणी कमी आलं तर येऊ दे, निदान दोन्ही विंगची माणसं एकमेकांशी बोलतील. मला ते फार लागलं, भाऊ. अजून लागलेलंच आहे.

पुढे जे व्हायचं ते झालं. आम्ही चौथ्या मजल्यावर, टाकी थेट डोक्यावर, आणि नळाला करंगळीएवढीही धार नाही. खालच्यांनी नळ उघडले की आमचा नळ वारा आत ओढायचा. मी खालून बादल्या आणल्या, कमरेचं लचकणं तेव्हाचं. तक्रार मात्र कधी केली नाही. फक्त ते कागदाचे गोल फ्रिजवर चिकटवले, तिला जाता येता दिसावेत म्हणून. तिने काढले, मी पुन्हा चिकटवले (या वेळी डिंकाने). बादली रिकामी झाली की "मी म्हटलं होतं" एवढंच म्हणायचो, तेही हळू आवाजात. यात माहेरी निघून जाण्यासारखं काय आहे, तुम्हीच सांगा. दोन्ही विंग मात्र खरंच बोलायला लागल्या. एकत्र बसून परेशला शिव्या देतात, आणि मी तिथून गेलो की गप्प होतात.

असो. मोठ्यांना नमस्कार, ओवीला गोड पापा.

तुमचा,
सदानंद

ता. क. पाणी गेल्या सोमवारपासून धो धो येतंय. सभेने एकमताने एक इंचाच्या दोन लाइनी टाकल्या. माझं नाव कोणी घेतलं नाही. हे पत्राच्या सुरुवातीला लिहिलं असतं, तर तुम्ही पुढचं वाचलंच नसतं.

ता. क. पाणी आल्याचं लतिकाला सांगू नका. उन्नतीताईंनी त्याच दिवशी फोन करून कळवलंय, हे मला ठाऊक आहे. तरी ती आली नाही. भाऊ, फ्रिजचे गोल मी खरवडून काढलेत. मी तिला आणायला केव्हा येऊ, एवढंच विचारून कळवा. आणि ती नको म्हणाली, तर कळवू नका.